मीठ कमी

एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमारास विजेच्या शॉकच्या उपचाराच्या संमतीचा कागद घेऊन मी नागपूरच्या एका मानसोपचाराच्या दवाखान्यात बसलो होतो. शेजारी धाकटी बहीण होती. वर्षभर ती धड जेवत नव्हती, बोलत नव्हती. पलीकडे नरखेडकडचा एक पंपमिस्त्री सहाव्या शॉकसाठी आला होता. बोलताना त्याची बोटं हवेतच मोटारीची तार गुंडाळत.

“दुखतं का हो?” मी विचारलं.

“सुई देतेत, मंग काही समजत नाही. दोन-चार गोष्टी इसरलो, हे खरं. पण परवा बायकोले म्हटलं, भाजीत मीठ कमी हाय वं. तं थे रडाले लागली.”

“का?”

“दोन वर्षं मले चवच नोती ना, भाऊ.”

त्याला आत बोलावलं. मी सही केली. महिनाभराने बहिणीने आपणहून चहा मागितला, तेव्हा त्या मिस्त्रीचं नाव विचारायचं राहिल्याचं माझ्या लक्षात आलं.