शिडीपुढे आठ खुर्च्या

माझी आत्या नगरपालिकेत बागांचे नकाशे काढते आणि घरी आल्यावर आमच्यासाठी फर्मानं. निवृत्त सैनिकांच्या सन्मानासाठी स्मारकाची बाग करायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा बाईसाहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात. कारण आमचे आजोबा. तिचे बाबा, जुने सैनिक, गुडघ्यामुळे दोन वर्षं घरातच अडकलेले. त्यांना दोस्तांबरोबर बसून गप्पा मारता येतील अशी जागा तिला हवी होती. बाकी सगळं तिच्या लेखी नंतर.

नकाशा मंजुरीला जायच्या आदल्या दिवशी तिने घरासमोरच्या मैदानात फक्कीने अख्खी बाग आखली. बाकांच्या जागी शेजारपाजारच्या आठ खुर्च्या आणि नावांच्या शिळेच्या जागी आमची घडीची शिडी. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर लढाईत कामी आलेल्यांच्या नावांचा कागद चिकटवला. मग आजोबांना आणि त्यांच्या सात दोस्तांना बोलावलं, "जरा बसून बघा, पाठीला बरं वाटतंय का."

आठही जणांनी कागद वाचला आणि शिडीसमोर खाडकन ताठ उभे राहिले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुणी हलेना. आजोबांचा गुडघा लटलटायला लागला.

"बाबा, बसा की!"

"यांच्यासमोर? बसू?"

"मग खुर्च्या फिरवते."

"आणि यांच्याकडे पाठ करू?"

आत्याचं तोंड एवढंसं झालं. सगळे बाक तिने हौसेने नावांकडे तोंड करून मांडले होते आणि त्यांच्यावर बसणार कुणीच नव्हतं! मला तर रडूच यायला लागलं.

तेवढ्यात ती घरात पळाली आणि पलंगावरची चादर ओढून घेऊन आली. "धर टोक!" आम्ही दोघींनी खुर्च्या आणि शिडीच्या मध्ये चादर धरली. कागद झाकला गेला आणि आठही जण हुश्श करून बसले. मला शिंक आली, चादर घसरली, आठही जण उभे! चादर वर, सगळे खाली. पुढच्या वेळी तर आत्याने मुद्दाम सोडली. आजोबा ओरडले, "अगं कार्टे, गुडघा आहे की बिजागरी?" आणि मग हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

आत्याने टेप काढली. बसलेल्या आजोबांच्या डोळ्यांपेक्षा चार बोटं उंच, अशी झुडपांची रांग तिने नकाशात घातली. बसलं की नावं दिसायची नाहीत, उभं राहिलं की दिसायची.

आता बाग झाली आहे आणि आजोबा रोज तिथे जातात. आधी उभ्यानेच झुडपांवरून पलीकडचं एक नाव वाचतात, त्यांच्याच तुकडीतल्या मित्राचं. मग त्याला म्हणतात, "बसतो रे जरा," आणि बसतात.