देवयानी आणि ईदचा चाँद

आमच्या महाडच्या मोहल्ल्यात ईदचा चाँद आधी अब्बांना दिसायचा, मग बाकी जगाला. आखातातली नोकरी सोडून ते कायमचे घरी आले, तेव्हापासून दर ईदला गच्चीवर सगळे त्यांच्याच बोटाकडे बघत. मग त्यांच्या डोळ्यांचे पडदे झिजले. जिथे बघावं नेमका तिथेच काळा डाग, कडेकडेचं तेवढं दिसे. गेल्या ईदला त्यांनी भलतीकडेच बोट दाखवलं आणि चार टोणगे फिदीफिदी हसले. असा संताप आला मला! अब्बा मुकाट्याने खाली उतरले. त्यानंतर गच्चीचं नाव नाही.

हिवाळ्यात पोलादपूरच्या पुढे फुफीच्या, म्हणजे अब्बांच्या बहिणीच्या गावी लग्नाला गेलो. बिरवाडीच्या कारखान्यांचा उजेड तिथवर पोचत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला कुठे गप्प बसवतंय! जेवणं झाल्यावर अब्बांना अंगणात ओढलं.

"देवयानी दाखवते. आपल्या आकाशगंगेसारखीच चक्राकार दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांची. तिरपी कललेली, म्हणून लांबट दिसते. तिचा उजेड पंचवीस लाख वर्षं चालत आलाय. फक्त तिच्याकडे सरळ बघू नका, जरा बाजूला बघा. चांगल्या डोळ्यांनाही ती अशीच नीट दिसते."

बराच वेळ गेला.

"धूर हाय गो. इवलासा धूर."

"तीच, अब्बा!"

"एवढी मोठी चीज, आणि चोरून बघायची?" अब्बा हसले. कित्येक महिन्यांनी हसले. मला रडूच फुटलं.

तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला, चाँदसुद्धा असाच कडेने गाठायचा. मी सांगून पाहिलं, अंधूक धूर कडेने सापडतो, पण केसाएवढी कोर ओळखायला नजरेचा मधलाच भाग लागतो. "ते तू शाळेत शिकव," म्हणाले.

यंदा रोजा सोडून ते पुन्हा गच्चीवर आले. माझा हात घट्ट धरून पश्चिमेला कधी जरा डावीकडे बघत, कधी जरा उजवीकडे. एवढ्यात ओरडा झाला, "दिसला, दिसला!" लोकांची बोटं वर गेली. शेजारच्या चाचींनी विचारलं, "भाई, तुमाला दिसला ना?"

सगळे त्यांच्याकडे वळले. अब्बांनी मान सरळ केली, बोटांच्या रोखाने थेट चाँदावर नजर लावली आणि म्हणाले, "दिसला. मुबारक हो."

लोकांनी त्यांना मिठ्या मारल्या. मी तोंड फिरवून रडले. सरळ बघितलं की अब्बांना काहीच दिसत नाही, हे त्या गच्चीवर मला एकटीलाच माहीत होतं.