वाटेवरचे खांब

जांभूळटेपाच्या ठाकरवाडीतली बाया कुणावर पटकन विश्वास ठेवते, असं वाडीत कुणी कधी बघितलेलं नाही. लोणावळ्याच्या बाजारात करवंदांची पाटी घेऊन बसली, तरी गिऱ्हाईक बोलायच्या आधी ती त्याच्या चपला बघायची. परक्या घरी चहा दिला की आधी हुंगायची, मग प्यायची. एकदा घोरावाडीला लेकीकडं निघाली. गाडी तिथं थांबते का, म्हणून तिघांना विचारलं. तिघंही हो म्हणाले. ‘तिघांचं एक कसं काय?’ म्हणून बाईनं उभी गाडी सोडून दिली.

अशी ही बाया दोन हजार एकवीसच्या निवडणुकीत राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत गेली. त्याला कारण एकच, वाडीची वाट. डांबरी रस्त्याला उतरणारी पायवाट बंगल्यांच्या स्कीमवाल्यांनी तारेचं कुंपण घालून बंद केली होती. आजारी माणूस झोळीत घालून खाली न्यायचा तर ओढ्याच्या अंगानं तासाभराचा वळसा. आणि बायाची सून सुषमा सात महिन्यांची पोटुशी.

पंचायतीत माणसं नऊ. स्कीमवाल्यांचा माणूस निलेश, त्याच्याकडं चार. दत्तोबांच्या भैरवनाथ पॅनलचे दोन, आदिनाथ गुरुजींच्या समता आघाडीचे दोन, आणि उरलेली एक बाया. निलेशला अडवायचं तर पाच हवेत. म्हणजे देवळातले दोघं आणि देव न मानणारे दोघं एका सतरंजीवर बसायला हवेत. आता गुरुजींनी पंचायतीच्या पैशातून बांधलेल्या सभामंडपाविरुद्ध अर्ज केलेला, तर दत्तोबांनी भर जत्रेत माईकवरून गुरुजींना धर्मबुडवे म्हटलेलं. सतरंजी कुणी अंथरायची?

बायानं अंथरली. गुरुजी देवळात येईनात, दत्तोबा वाचनालयात जाईनात, म्हणून तिनं दोघांना सकाळीच कुंपणापाशी बोलावलं. करोनाचे दिवस, दोघं मास्क लावून आले.

“अर्ध्या तोंडाशी मी बोलत न्हाई,” बाया म्हणाली. “लांब बसा, पन तोंड दिसू द्या.”

तोंडं दिसली, आणि दोन्ही रुसलेली दिसली. गुरुजी म्हणाले, पंचायतीचा पैसा यापुढं देवळाला जाणार नाही. दत्तोबा म्हणाले, मग कामाला नारळ तरी फुटणार का नाही?

“नारळ दत्तोबाभाऊंनी फोडायचा,” बायानं मधेच तोडलं, “खोबरं समद्यांनी खायचं. ज्याला परसाद म्हनायचा त्यानं परसाद म्हनावं, गुरुजींनी खोबरं म्हनावं. फुडं बोला.”

पुढचं तासाभरात ठरलं. दत्तोबा सरपंच, गुरुजी उपसरपंच, महिन्याच्या आत वाट मोकळी. गाडी अडली ती भरवशावर. दत्तोबांनी पिशवीतून बेलभंडाऱ्याची पुडी काढली, चिमूटभर स्वतः उचललाही.

“उचला गुरुजी. नाथाच्या नावानं म्हना, मधीच अविश्वास आननार न्हाई.”

“मी मानतच नाही, तर ती खोटी शपथ होईल,” गुरुजी म्हणाले. “मी कागद आणलाय. दोघं सही करू.”

“कागुद उंदीर बी खातोय.”

बाया दत्तोबांच्या हाताकडं बघत होती. पंधरा वर्षांत तीनदा तिनं हा हात वाडीसमोर भंडारा उचलताना बघितला होता, एकदा नळासाठी, दोनदा रस्त्यासाठी. नळ आणि रस्ता अजून यायचे होते. हात मात्र चांगला सरावला होता. गुरुजींचा तर कशावर विश्वासच नाही, त्यांना फुकटात उचलता आला असता. तरी उचलला नाही. म्हणून ते खरे? छे, बायाला त्याचीही शंका आली. या माणसाला बांधायचं कशानं?

“उलटं करा,” ती म्हणाली. “भाऊ, तुमी सही करा. गुरुजी, तुमी बोलून दावा.”

दत्तोबांनी पेन घेतलं आणि खिसे चाचपले. “चष्मा न्हाई आनला.”

“मी वाचून दाखवतो,” गुरुजी म्हणाले.

“घरी इचारून करतो की.”

“भंडारा उचलताना घरी इचारलं न्हाई,” बाया म्हणाली. जरा थांबून तिनं विचारलं, “निलेश कवा आलता, भाऊ?”

दत्तोबांनी तळहातावरचा भंडारा धोतराला पुसला. “काल. नुसता च्या प्यायला.”

“त्यो तुमाला सरपंच करंल, का सोता व्हईल?”

दत्तोबांनी कागद मांडीवर ओढला. मग चष्म्याशिवायच सही केली.

गुरुजींना तिनं वर वाडीत नेलं. तिथल्या शाळेत त्यांनी बावीस वर्षं काढलेली. निम्मी वाडी त्यांच्या हाताखाली शिकलेली. खोटं बोललं की कान धरून उभं करायचे. “या समद्यांच्या म्होरं म्हना,” बाया म्हणाली. गुरुजी हळूच म्हणाले, पाच वर्षं दत्तोबांना पाडणार नाही.

“पुन्हा एकदा, गुरुजी,” बायाचा लेक संदीप मागून म्हणाला. “आवाज शेवटच्या बाकापर्यंत आला न्हाई.” हे वाक्य गुरुजींचंच होतं. त्यांनी पुन्हा, मोठ्यानं म्हटलं.

फेब्रुवारीत पाच हात वर गेले. बायानं आपला हात सगळ्यांत शेवटी, बाकीचे चार मोजून वर केला.

महिन्याच्या आत तार निघाली. लोखंडी खांब मात्र उभेच राहिले. एप्रिलात सुषमाला झोळीतून त्याच वाटेनं खाली नेलं. संदीप आणि त्याचा चुलतभाऊ करण झोळी धरून, मागं बाया. पाऊण तास वाचला, पोरगी सुखरूप झाली. जातानाच बायानं खांब मोजले होते. एक्केचाळीस.

पुढच्या मासिक सभेला ती एक खांब उपटून, मोळीसारखा डोक्यावर घेऊन आली आणि सरपंचांच्या टेबलापुढं ठेवला.

“तार गेली. खांब कुनासाठी ठिवलंत?”

“आता तरी इस्वास ठेव, बाया.”

“ठेवते की. चाळीस हायेत अजून.”

तिसऱ्या सभेला ती तिसरा खांब घेऊन आली, तेव्हा उरलेले उपटायला दत्तोबांनी ट्रॅक्टर लावला. पंचायतीच्या आवारात ढीग पडला, तेव्हा बायानं तो उलटापालटा करून मोजला. एक कमी. खड्डे बघून आली, सगळे रिकामे. मग सरळ दत्तोबांच्या घरी गेली. खांब नव्या गोठ्याला लागलेला होता, वर ताजा हिरवा रंग.

दत्तोबांच्या पत्नी शालूबाईंनी तिला ओट्यावर बसवून चहा दिला. बायानं हुंगला, मग प्याली, आणि खांब निघेपर्यंत तिथून उठली नाही.