हत्तिणीचा दुसरा भाग

चिंचपोकळीला आमच्या चाळीत माझ्या वयाच्या प्रत्येक मुलाचा हिरो भिंतीवर चिकटवलेला होता. शेजारच्या खोलीत एक फलंदाज होता, पलीकडे दंड फुगवून उभा असलेला परदेशी नट. माझी भिंत रिकामी होती. माझ्या हिरोचा चेहरा कसा आहे हेच मला माहीत नव्हतं. तो नुसता आवाज होता.

टीव्हीवर प्राण्यांचे परदेशी कार्यक्रम हिंदीत लागायचे. त्यात एक माणूस पडद्यामागून बोलायचा. सिंहीण गवतात दबा धरून बसली की तो गप्प व्हायचा आणि ती धावली की दोनच शब्द बोलायचा. बाकीचे निवेदक तिथे ओरडायचे. हा जेवायला वाढल्यासारखा बोलायचा, अजिबात घाई नाही. त्याचं नाव कुठेच येत नसे. शेवटी नावांची पट्टी पळायची, पण ती परदेशी माणसांची असायची.

वडील रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला होते. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा त्यांना बातम्या हव्या असत आणि नेमका तेव्हाच माझा कार्यक्रम असे. त्यांनी कधी रिमोट ओढून घेतला नाही. जेवता जेवता थोडा वेळ बघायचे आणि आईला विचारायचे, "ह्येका त्या जनावरांत काय गावता?" आई म्हणायची, "गावात होती तेव्हा तुमी खंय बघलास?" मग दोघं हसायची आणि माझं एखादं वाक्य हुकायचं.

पुस्तकंही मी त्याच बाजूची वाचायचो. शिकारीच्या आठवणी, ज्यांत शिकारी म्हातारा झाल्यावर बंदूक ठेवून देतो. बर्फात अडकलेल्या जहाजांच्या हकिकती. जंगल खात्यातल्या माणसांनी निवृत्तीनंतर लिहिलेली, थोडी कंटाळवाणी, पण खरी पुस्तकं. कथा-कादंबऱ्या मला लागत नव्हत्या. मनातल्या मनात मी हे सगळं त्या आवाजात वाचायचो. मित्रांत बसलो की त्याची नक्कल करायचो. चाळीच्या जिन्यावर दोन बोके समोरासमोर आले की सगळे म्हणायचे, "चल रे, चालू कर." मी चालू करायचो. माझी तेवढीच ख्याती होती.

पुढे मी बी.कॉम. झालो आणि परळला एका टॉवरमधल्या ऑफिसात लागलो. शनिवारी अर्धा दिवस असायचा. तिथून चालत दादरच्या एका जुन्या ग्रंथालयात जायचो. अशाच एका शनिवारी काउंटरवर माझ्या पुढे एक उंच गृहस्थ उभे होते, साठी ओलांडलेले, पांढरा बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी. ते ग्रंथपाल बाईंना विचारत होते, "देवमाशांचं ते पुस्तक परत आलं का हो? तीन वेळा येऊन गेलो."

पुस्तक माझ्या बगलेत होतं. पण मी तिथेच उभा राहिलो, कारण आवाज तो होता. मराठीत मी तो कधी ऐकला नव्हता, त्यामुळे आधी वाटलं की भास आहे. मग बाईंनी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "बरं," आणि थोडं थांबून, "बघू." ते थांबणं मी ओळखलं.

मी पुस्तक पुढे केलं. ते आभार मानून नोंद करून घेऊ लागले. मी त्यांच्याबरोबर बाहेर पडलो आणि फुटपाथवर एका दमात सगळं सांगितलं, की मी तुमचे सगळे कार्यक्रम पाहिले आहेत, पाठ आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, प्राण्यांचं काम केलं होतं खरं, बरीच वर्षं. पण मलमाच्या आणि पंख्यांच्या जाहिरातीही केल्या होत्या. कागद हातात यायचा, ते वाचायचे, दुसरा कागद यायचा. कार्यक्रम म्हणून त्यांनी त्यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. पत्नीला आवाजाचा त्रास व्हायचा, म्हणून घेतलाच नाही.

मला जरा फसल्यासारखं झालं. मी निघणार होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "हत्तींचं एक होतं, दोन भागांचं. ते पाहिलंयस तू?"

मी हो म्हटलं.

"दुसरा भागही?"

मी म्हटलं, पाहिलाय, पण त्यात आवाज दुसऱ्याचा होता. मला राग आला होता तेव्हा.

ते म्हणाले, रविवारी घरी ये. गिरगावात, खोताच्या वाडीच्या मागच्या गल्लीत राहतो. खाली कुणालाही विचार, निवेदनवाले कुठे राहतात म्हणून.

रविवारी गेलो. दोन खोल्या, एका भिंतीला पुस्तकं, खिडकीतून समोरच्या लाकडी घराचा जिना दिसायचा. त्यांनी स्वतः चहा केला. मग सांगितलं की त्या कार्यक्रमाचा पहिला भाग वाचून झाला, तेव्हा पत्नी हॉस्पिटलात होती. दुष्काळात कळप पाण्याच्या शोधात निघालाय, एका पिल्लाचा पाय मोडलाय, बाकीचे पुढे गेलेत आणि आई पिल्लाजवळ उभी आहे, इथे भाग संपत होता. दुसऱ्या भागाच्या रेकॉर्डिंगला त्यांना जाता आलं नाही. स्टुडिओवाल्यांना घाई होती, त्यांनी दुसरा माणूस घेतला. पत्नी त्याच आठवड्यात गेली. पुढे कामाला लागल्यावर हत्तींचं काय झालं हे विचारायचं राहिलं. नंतर विचारायला लाज वाटली. कुणाला विचारणार?

"तर काय झालं त्या हत्तिणीचं?" त्यांनी कप खाली ठेवत विचारलं.

मला शेवट नीट आठवत होता. पिल्लू वाचतं असं सांगणं अगदी सोपं होतं. त्यांनी ते कधीच पाहिलं नसतं. मी खिडकीबाहेर बघत होतो. समोरच्या जिन्यावर एक बाई कुंडीला पाणी घालत होती, ती आत गेली.

मग खरं ते सांगितलं. हत्तीण थांबून राहते. पिल्लाला सोंडेनं उठवते, ते उभं राहतं आणि पडतं. ती त्याच्यावर आपली सावली धरून उभी राहते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिल्लू मरतं. ती लगेच जात नाही. अंधार पडल्यावर निघते आणि कळपाला गाठते. पाऊस झाल्यावर कळप त्याच वाटेनं परत येतो, तेव्हा ती हाडांजवळ थांबते, एकेक हाड सोंडेनं उलटं करून बघते. बाकीचे हत्ती वाट पाहत उभे राहतात. कुणी तिला ढकलत नाही.

हे सांगताना मी त्यांची नक्कल करत नव्हतो. ते घरी परतताना माझ्या लक्षात आलं.

ते म्हणाले, "म्हणजे ती शेवटपर्यंत होती तिथे."

मी हो म्हटलं.

"मी चहा प्यायला खाली गेलो होतो," ते म्हणाले. "नर्सनंच पाठवलं होतं."

त्यांनी कप उचलले, मोरीत धुतले आणि मला विचारलं, देवमाशांच्या पुस्तकात भाषांतर इतकं जड का आहे? आम्ही त्यावर बोलत राहिलो.

त्यानंतर मी महिन्यातून एखाद्या रविवारी जायचो, त्यांना काका म्हणू लागलो. देवमाशांचं ते एक सोडलं तर माझ्या आवडीच्या पुस्तकांत त्यांना फारसा रस नव्हता. त्यांना प्रवासवर्णनं आवडत, तीही स्वयंपाकाबद्दल लिहिणाऱ्या माणसांची. त्यांच्या लहानपणीचा हिरो कोण, असं मी एकदा विचारलं. शाळेतला घंटा देणारा शिपाई, असं ते म्हणाले आणि पुढे काही सांगितलं नाही. मी भिंतीवर लावण्यासाठी त्यांचा एक फोटो काढला होता, पण तो लावला नाही. ओळखीच्या माणसाचा फोटो भिंतीवर लावणं विचित्र वाटलं.

एका हिवाळ्यात मी त्यांना शिवडीला फ्लेमिंगो बघायला नेलं. फ्लेमिंगोंवरचा कार्यक्रम त्यांनीच वाचला होता आणि ते पक्षी आमच्या घरापासून टॅक्सीनं थोड्या अंतरावर दरवर्षी येतात, हे त्यांना माहीत नव्हतं. ओहोटी लागलेली होती. जेट्टीच्या कडेला जुन्या बोटी कलंडल्या होत्या आणि पलीकडे चिखलात पक्ष्यांची लांब ओळ होती. मी दुर्बीण दिली. त्यांनी नीट पाहिलं.

"बरेचसे पांढरेच आहेत की," ते म्हणाले. "मी तर गुलाबी, गुलाबी म्हणून किती वेळा म्हटलं."

मी सांगितलं की पिल्लं राखाडी असतात, रंग खाण्यातून येतो, हळूहळू चढतो. डोकं उलटं करून ते पाणी कसं गाळतात ते दाखवलं. जेट्टीवर आणखी काही लोक आले होते, लालबागचं एक कुटुंब, कॉलेजची मुलं. ती ऐकायला जवळ सरकली. एका मुलीनं विचारलं, हे झोपतात कसे? मी सांगू लागलो. काका माझ्या मागे उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "जरा सावकाश बोल. मागच्यांना ऐकू येत नाहीये."

मी सावकाश बोलू लागलो.

पुढे त्यांची इमारत पाडायला घेतली आणि ते डोंबिवलीला भाच्याकडे राहायला गेले. फोन असतो अधूनमधून. मी अजूनही परळलाच नोकरी करतो. थंडीत रविवारी ओहोटीची वेळ बघून शिवडीला जातो, ज्यांना यायचं असेल त्यांना घेऊन. कधी दहाजण येतात, कधी दोघंच. काका मात्र परत आले नाहीत. एकदा बघून झालं, म्हणतात.