चौथ्या मजल्यावरून येणारा फोन

इस्पितळाच्या तळघरात धुलाई विभाग आहे. तिथे ती अकरा वर्षं चादरींना इस्त्री करते. वरच्या मजल्यांवर तिचं नाव कुणाला ठाऊक नाही, सगळे चादरवाली म्हणतात. मी ताई म्हणते. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे, आणि माझ्या तोंडाळपणावरून मला झापायचा हक्क मी फक्त तिला दिलाय.

तिची मुलगी नऊ वर्षांची. घरात इतकी बडबडते की तिला चिमणीच म्हणतात. दाराबाहेर पाऊल पडलं की एक शब्द नाही. दोन वर्षं शाळेत तिने तोंड उघडलं नाही. हट्ट नाही, नखरा नाही. शब्द घशात अडकतात, एवढंच ती आईला सांगते. एकदा लघवीला जायचंय हे वर्गात सांगता आलं नाही. त्या दिवसापासून ती घरीच आहे. बाईंनी निरोप धाडला, डॉक्टरांचा कागद आणा, नाहीतर वर्ष संपताच पटावरून नाव काढावं लागेल. बाप ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. माझ्याशी तर धडाधडा बोलते, तिला काय धाड भरलीय, असं त्याचं म्हणणं.

मुलांच्या मनाचे डॉक्टर त्याच इस्पितळात बसतात, चौथ्या मजल्यावर, ताईच्या डोक्यावरच म्हणा ना. पण थेट जाता येत नाही. तळमजल्यावरच्या डॉक्टरमार्फत अर्ज जातो, यादीत नाव लागतं, आणि सात-आठ महिन्यांनी वरून फोन येतो. दिवस कुठलाही, वेळ दहा ते बारा. तीन फोन वाया गेले की नाव कापलं. पुन्हा अर्ज, पुन्हा यादीच्या शेपटाला. हा नियम करणाऱ्याला दहा ते बारा हातात फोन धरून बसायची चैन परवडत असणार.

ताईने अर्ज चिमणी शाळेत जात होती तेव्हाच टाकला होता. ताई कामावर येताच तिचा फोन तळमजल्यावर मुकादमाच्या कपाटात जमा होतो. पहिला कॉल त्या कपाटातच वाजून विझला. मग तिने फोन पोलक्यात लपवून नेला, तर तळघरात रेंजच नाही. दुसरा कॉल असा गेला, आणि वाफेने फोन भिजला तो वेगळाच. मुकादम म्हणाला, मशीनमध्ये टाकायचा होता, निदान स्वच्छ तरी निघाला असता.

तिसऱ्या खेपेला तिने फोन चिमणीजवळ ठेवला. मला विचारलं असतं तर ठेवू दिला नसता. चार दिवस संध्याकाळी दोघींची तालीम चालली होती. आई कंगवा कानाला लावून हॅलो म्हणायची आणि चिमणी खणखणीत सांगायची, आई तुमच्याच इमारतीत आहे, खाली कामावर, तिला बोलवा. एकदाही चुकली नाही. चुकेल कशी? समोर आई होती.

फोन आला. चिमणीने उचलला. बेचाळीस सेकंद, फोनमध्ये नोंद आहे. पलीकडून हॅलो हॅलो झालं आणि कट. संध्याकाळी ताईने चपला काढायच्या आत पोरगी म्हणाली, "आई, मी सगळं सांगितलं. मनात."

दुसऱ्या दिवशी मी चौथ्या मजल्यावर गेले. शाळा मी चौथीत सोडली, पण इस्पितळाचे नियम मला तिथल्या साहेबांपेक्षा जास्त पाठ आहेत. खिडकीतल्या चष्मेवाल्या कारकुनाला ते ऐकवले. त्याने शांतपणे कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. चिमणीच्या नावापुढे लिहिलं होतं: फोन उचलला, प्रतिसाद नाही, कुटुंब इच्छुक नाही. ते शेवटचे तीन शब्द वाचले आणि माझं टाळकं सरकलं. काय बोलले ते इथे लिहीत नाही. पहारेकऱ्याने मला जिन्यापर्यंत पोचवलं, आणि त्या मजल्यावर मला बंदी झाली. काम झालं नाही ते नाहीच.

आणि ताई? ती रोज सकाळी दहाला चादरींची ट्रॉली ढकलत त्याच खिडकीवरून जाते. इतक्या वर्षांत तिथे एक शब्द बोलली नव्हती. धुलाईच्या माणसांनी वर स्वतःची कामं काढायची नाहीत असा दंडक आहे. एकीने सासऱ्याच्या खाटेची चौकशी केली, तर तिची रवानगी रक्ताळलेल्या कपड्यांच्या खोलीत झाली. शिवाय पोरीला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचंय हे कळलं तर अख्खं तळघर चघळत बसेल.

मी म्हटलं, चिमणी तुझ्यावरच गेलीय. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने ट्रॉली खिडकीसमोर थांबवली. पुढचं तिनेच मला सांगितलं. कारकून म्हणाला, चादरी आत ठेवा.

"चादरी नंतर. ते इच्छुक नसलेलं कुटुंब माझं आहे."

रोज समोरून जाता, मग आधी का नाही बोललात, असं तो पुटपुटला. कापलेलं नाव परत लागत नव्हतं. त्याने नवा अर्ज काढला, शेपटाचा नंबर टाकला आणि फोन कुठला लिहू विचारलं.

"माझा दहाला कपाटात असतो. तुमच्या खिडकीचा लिहा."

"म्हणजे मी मलाच फोन लावू?"

"लावा आणि उचला. मी समोरच असते."

त्याने मागे कुणी बघतंय का ते पाहिलं आणि लिहिला.

त्याला पाच महिने झाले. शाळेचं वर्ष दोन महिन्यांत संपेल. रोज दहाला ट्रॉली खिडकीशी क्षणभर थांबते, कारकून नाही म्हणून मान हलवतो, ताई चादरी घेऊन आत जाते. चिमणीच्या पुढे किती मुलं उरलीत, हे तिने अजून विचारलेलं नाही. मी विचारलं असतं, पण मला बंदी आहे.