पांढरा कागद धरणारी मंजुळा

अनया, निषाद,

जुन्या कॅसेट लावायचा माझा प्लेअर गेल्या आठवड्यात बंद पडला. गंगापूर रोडच्या दुरुस्तीवाल्यानं हात जोडले, "आजी, पार्टच मिळत नाहीत." तुम्ही इकडे आलात की माझ्या एका जुन्या बातमीची कॅसेट दाखवायचं ठरवलं होतं, ते आता लिहून पाठवते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. लोकसभेची निवडणूक ऐन पावसाळ्यात आली होती. मी एका न्यूज चॅनेलची नाशिकची रिपोर्टर. दिल्लीचे एक मोठे नेते हरसूलला सभा घेणार होते. डेस्कला, म्हणजे मुंबईत बसून बातम्या निवडणाऱ्या मंडळींना, त्यांचा बाइट हवा होता. बाइट म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोललेली दोन-चार वाक्यं.

सभेच्या मैदानात आम्ही त्यांच्या हेलिकॉप्टरची वाट बघत होतो. कॅमेरामन दिलीपनं पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या हातात कोरा कागद दिला. पांढरं कशाला म्हणायचं हे कॅमेऱ्याला आधी दाखवावं लागे, नाहीतर माणसं निळी दिसत. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात.

"झालं, मावशी. द्या कागद."

"कागद धराया मी, नि बोलाया तो पुढारी? मला पन बोलायचं हाय."

मागच्या बाया हसल्या. "मंजुळे, टीव्हीत जातीस का?"

"जाते की. मतदानाला तर जाता येत नाय."

दिलीपनं कॅमेरा सुरू केला. मंजुळाच्या पाड्याचं मतदान केंद्र नदीपलीकडच्या गावात होतं आणि नदीवर पूल नव्हता. उन्हाळ्यात सगळे चालत जात. आता पाणी छातीला लागत होतं.

"गडी पोहून जातील," ती म्हणाली. "आमी लेकरं घेऊन कशा जानार?"

धुक्यामुळे हेलिकॉप्टर उतरलंच नाही. मी एसटीडी बूथवरून डेस्कला फोन लावला.

"नेता नाही? मग स्टोरी ड्रॉप," बॉस म्हणाले.

"सर, एका मतदार बाईचा बाइट आहे."

"मतदार काय, सगळेच असतात."

"ही नाहीये. मधे नदी आहे."

मग म्हणाले, "नदीचे शॉट घे. आणि पाण्यात पडू नकोस, कॅमेरा महाग आहे."

मंजुळाच आम्हाला काठावर घेऊन गेली. कॅसेट नाशिकहून टॅक्सीवाल्याच्या हाती मुंबईला गेली आणि दुसऱ्या दिवशी बातमी लागली. मतदानाला अजून अवकाश होता. निवडणूक कार्यालयाचे अधिकारी पाहणीला आले. त्यांनाही नदी ओलांडता आली नाही, त्यामुळे कुणाला फार समजवावं लागलं नाही. पाड्यावरच्या शाळेत केंद्र मंजूर झालं.

मतदानाच्या दिवशी मंजुळा शाळेतून बाहेर आली आणि शाई लावलेलं बोट तिनं थेट लेन्ससमोर धरलं.

"आता हे धरते. चालंल ना?"

"फोकस जातोय मावशी, मागं घ्या!"

तिनं घेतलं नाही.

नेता आला नाही म्हणून बातमी मिळते, हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. चॅनेलनं ती कॅसेट पुसून पुन्हा वापरली. माझ्याकडची कॉपी आता लावता येत नाही. मतदान केंद्र मात्र अजून पाड्यावरच्या शाळेतच आहे.