‘क्रॅक’चा वाक्यात उपयोग

मंडळी, आज सकाळची गोष्ट.

नात टॅबवर इंग्रजी शब्द शिकत होती. म्हणाली, “आजोबा, क्रॅक म्हणजे तडा. आणि कडाड आवाज पण!” तिने बोट लावलं नि लाकूड मोडल्याचा आवाज घरभर झाला. मी तिला दंडाला धरून ओढलं आणि भिंतीकडे ढकलून दिलं. पोर रडायलाच लागली.

मी स्वतःच हादरलो. अहो, मोबाइलच्या काचेला हाच शब्द मी रोज वापरतो!

साठ सालानंतरची गोष्ट. मुरबाडच्या जंगलात मी बाबांबरोबर साग तोडायला जायचो. शेवटचे घाव घालताना कुणी बोलायचं नाही. बाबा म्हणायचे, “गप रे, झाड बोलतंय.” कडाड झालं की सागापासून बाजूला पळायचं.

त्या दिवशी तोडलेला साग शेजारच्या ऐनाच्या झाडावर अडकला. कडाड झालं. आम्ही सवयीने बाजूला पळालो. पण मोडला होता तो ऐन. बाबा त्याच्याच खाली सापडून गेले.

नात आता शांत झालीय. वही घेऊन समोर बसलीय. “आजोबा, क्रॅकचा वाक्यात उपयोग करायचाय. सांगा ना.”

तुम्हीच सांगा, कोणतं वाक्य देऊ?